व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क ड्रायव्हर एकच असावा, की प्रत्येक क्लाउडचा वेगळा?

सह्यवारा

मागच्या महिन्यात चौदा व्हर्च्युअल मशीन आमच्या जुन्या हायपरव्हायझरवरून (एका खऱ्या संगणकावर अशी अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एका क्लाउडवर हलवली. तेरा उठली आणि कामाला लागली. चौदावं बूट झालं, लॉगिन प्रॉम्प्टही आला, पण नेटवर्क नाही. सिरियल कन्सोलवरून बघितलं तर इंटरफेसच्या यादीत फक्त लूपबॅक, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस. त्या मशीनचं लिनक्स कर्नल इतकं जुनं होतं की नव्या जागच्या कार्डाचा ड्रायव्हर त्यात नव्हताच. आणि नेटवर्क नाही म्हटल्यावर ड्रायव्हर आणायचा कुठून? शेवटी डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली, माउंट करून क्रूटने त्या डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरलो, नवं कर्नल टाकलं, डिस्क परत जागेवर लावली. तरीही आयपी मिळेना, कारण इंटरफेसचं नाव ईएनएस१९२ वरून ईएनएस५ झालं होतं आणि कॉन्फिगची फाइल जुन्या नावाची वाट बघत बसली होती. रात्रीचे चार तास गेले.

यात कुणाला दोष द्यायचा नाही, जुनं कर्नल आमचंच होतं. माझा आक्षेप मुळावर आहे. लिनक्स कर्नलचे डेव्हलपर रस्टी रसेल यांनी व्हर्टआयओ, म्हणजे सगळ्या हायपरव्हायझरांसाठी एकच ड्रायव्हर पद्धत, मांडलं तेव्हा दुखणं हेच होतं: लिनक्सवर निदान आठ व्हर्च्युअलायझेशन पद्धती, आणि नेटवर्क, डिस्क, कन्सोल या सगळ्यांसाठी ज्याचा त्याचा वेगळा संसार. त्यातला नेटवर्क ड्रायव्हर व्हर्टआयओ-नेट जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये आला. २०१६ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या समितीने व्हर्टआयओ १.० ला अंतिम रूप दिलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात ४.९ मध्ये अ‍ॅमेझॉनचा ईएनए हा स्वतंत्र ड्रायव्हर दाखल झाला! मग २०१९ ला ५.३ मध्ये गूगलचा जीव्हीई, २०२१ ला ५.१३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा माना. झेन, व्हीएमवेअर आणि मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही या हायपरव्हायझरांचे नेटफ्रंट, व्हीएमएक्सनेट३ आणि नेटव्हीएससी आधीपासून होतेच. गेस्टला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, करायचं काय असतं? पॅकेट द्यायचं, पॅकेट घ्यायचं. एवढ्यासाठी सात ड्रायव्हर का?

तांब्याची_तार

सह्यवारा, तुमचा त्रास खरा आहे, पण निदान चुकलंय. तुम्ही ज्याला व्हर्च्युअल कार्ड म्हणताय ते आता व्हर्च्युअल राहिलेलं नाही. ईएनएच्या पलीकडे होस्टवरचं (गेस्ट चालवणाऱ्या खऱ्या संगणकावरचं) सॉफ्टवेअर बसलेलं नाही, पीसीआय-एक्सप्रेस या संगणकातल्या बसवर लावलेलं खरं कार्ड आहे. आणि खऱ्या कार्डाला व्हर्टआयओची मूळ रिंग (पॅकेटांच्या नोंदींची गोल फिरणारी यादी) फार महाग पडते.

का, ते सांगतो. एक पॅकेट पाठवायचं तर कार्डाने आधी 'अव्हेलेबल' रिंगचा निर्देशांक वाचायचा, त्यातून डिस्क्रिप्टरचा (पॅकेट मेमरीत कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदीचा) क्रमांक काढायचा, मग डिस्क्रिप्टर टेबलात जाऊन पत्ता वाचायचा, मग कुठे बफर, म्हणजे पॅकेट असलेली मेमरी, हाती लागणार. काम झालं की 'यूज्ड' रिंगमध्ये नोंद करायची. दुसऱ्या बाजूला सीपीयूच असेल तर हे सगळं कॅशमध्ये असतं, जाणवतही नाही. पण कार्डाला प्रत्येक वाचन म्हणजे पीसीआय-एक्सप्रेसवरची एक फेरी, आणि फेरीला शेकडो नॅनोसेकंद. आता १०० गिगाबिटचा हिशोब करा. सर्वात लहान फ्रेम एकामागून एक येत असतील तर दर ६.७ नॅनोसेकंदाला एक पॅकेट. फेऱ्या एकमेकींवर चढवून वेळ झाकता येतो, पण तेवढी फुकटची वाहतूक बसवर पडतेच.

ईएनएने यावर जो उपाय केला तो मला फार आवडतो. ड्रायव्हर डिस्क्रिप्टर आणि पॅकेटचं हेडर थेट कार्डाच्या मेमरीतच लिहितो. कार्डाला ते आणायला मागे यावंच लागत नाही. असं काही करायचं तर आधी मानक समितीची मंजुरी मिळवायची आणि मग कार्ड बनवायचं, हे मला पटत नाही.

सह्यवारा

रिंगचा मुद्दा २०१६ पुरता मान्य. पण २०१९ च्या व्हर्टआयओ १.१ मध्ये पॅक्ड रिंग आली, ती नेमकी याच तक्रारीवर. तीन वेगळ्या जागांऐवजी डिस्क्रिप्टर आणि 'तयार आहे', 'वापरून झाला' या खुणा सगळ्या एकाच ओळीत. कार्ड एका वाचनात अनेक डिस्क्रिप्टर उचलू शकतं.

आणि २०२० मध्ये ५.७ कर्नलात व्हीडीपीए आलं. माझ्या मते खरी वाट हीच आहे. पॅकेटची ये-जा व्हर्टआयओच्या नियमाने, थेट कार्डातून. कार्ड चालू करणं, क्यू मांडणं ही प्रत्येक कंपनीची खास कामं मात्र होस्टवरच्या ड्रायव्हरकडे. म्हणजे कंपनीची खासियत होस्टमध्ये राहते, गेस्टला तोच जुना व्हर्टआयओ-नेट दिसतो. होस्ट तुमचा आहे, त्यात हवे ते ड्रायव्हर घाला. गेस्ट आमचा आहे.

रात्रपाळी

वेग सोडला तर दोघेही व्हर्टआयओ म्हणजे जणू धुतला तांदूळ असं बोलताय, म्हणून लिहायला घेतलं.

केव्हीएमच्या (लिनक्समधल्याच हायपरव्हायझरच्या) सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एक गेस्ट डीएचसीपीवरून, म्हणजे आपोआप पत्ता वाटणाऱ्या सेवेकडून, आयपी घेईना. होस्टवर टीसीपीडंप (ये-जा करणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावला तर विनंती येताना दिसते, उत्तर जाताना दिसतं. गेस्टमध्ये लावला तर उत्तर पोचलेलंही दिसतं. तरी डीएचसीपी क्लायंट ते फेकून देतो. लॉगमध्ये खराब यूडीपी चेकसमची (पॅकेट बिघडलं का ते ताडायच्या आकड्याची) तक्रार.

झालं होतं असं: चेकसम भरायचं काम कार्डाकडे सोपवलेलं. पण उत्तर देणारा डीएचसीपी सर्व्हर त्याच होस्टवर, पॅकेट तारेवर गेलंच नाही, त्यामुळे चेकसम कुणी भरलाच नाही. कर्नलच्या नेहमीच्या वाटेने गेलं असतं तर 'हे घरातलंच आहे' अशी खूण बघून चाललं असतं. डीएचसीपी क्लायंट मात्र रॉ सॉकेटवरून, म्हणजे ती नेहमीची वाट टाळून कच्चं पॅकेट वाचतो, त्याला ती खूण कळत नव्हती. यासाठी आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये चेकसम भरणारं एक खास टार्गेट घालावं लागलं आणि व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टने पोर्ट ६८ साठी तो नियम आपणहून टाकायला सुरुवात केली. ई१००० वर, म्हणजे इंटेलच्या जुन्या कार्डाच्या नकलेवर, हाच गेस्ट पहिल्या फटक्यात आयपी घ्यायचा, कारण तिथे क्यूईएमयू (हार्डवेअरची नक्कल करणारं होस्टवरचं सॉफ्टवेअर) खऱ्या कार्डाचं सोंग शेवटपर्यंत वठवतं आणि पॅकेट चेकसम भरूनच गेस्टकडे जातं.

म्हणून माझं मत तिसरंच. गेस्टला त्याच्या ओळखीचंच कार्ड दाखवा. ई१००० ज्याचं सोंग घेतं त्या इंटेलच्या ८२५४०ईएमचा ड्रायव्हर वीस वर्षांपूर्वीच्या इन्स्टॉलरमध्येही सापडतो. हो, ते हळू आहे. पॅकेट पाठवायला ड्रायव्हर कार्डाच्या 'शेपटी' (टेल) रजिस्टरमध्ये आकडा लिहितो, तिथे गेस्ट थांबतो, ताबा हायपरव्हायझरकडे जातो, तो क्यूईएमयूला उठवतो. इंटरप्ट आला की कारण वाचायला पुन्हा तीच वरात. पण ज्या मशीनवर दिवसभरात पन्नास बिलं छापली जातात तिथे हे कुणाला जाणवतं?

कुलूपकिल्ली

रात्रपाळी, त्या सोंगाचीच किंमत मी रोज बघते. खरं कार्ड जसंच्या तसं वठवायचं म्हणजे त्याचे सगळे जुने कोनेकोपरे सी भाषेत उतरवायचे, आणि गेस्ट त्यातल्या कुठल्याही कोपऱ्यात हवं ते लिहू शकतो. २०१५ मध्ये क्यूईएमयूच्या आरटीएल८१३९ या नकली कार्डातून होस्टच्या मेमरीतली माहिती गळत होती आणि पीसीनेट या दुसऱ्या नकली कार्डात हीप ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिता येणं) होता. दोन्ही जोडून गेस्टमधून बाहेर पडता येतं हे लोकांनी करून दाखवलं. २०१८ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या ई१००० मधलं भोक तर दुरुस्ती येण्याआधीच जगजाहीर झालं. तुमच्या बिलांच्या मशीनला वेग नको असेल, पण शेजारच्या गेस्टच्या सुरक्षेचं काय?

तरीही मी सह्यवारांच्या पूर्ण बाजूची नाही. व्हर्टआयओचा वेग वाढवायला व्हीहोस्ट-नेट आलं, २०१० च्या २.६.३४ मध्ये. पॅकेट हलवायचं काम क्यूईएमयूमधून होस्टच्या कर्नलमध्ये गेलं. मग २०१९ मध्ये त्यातच बफर ओव्हरफ्लो सापडला, लाइव्ह मायग्रेशन (मशीन बंद न करता दुसऱ्या होस्टवर हलवणं) चालू असतानाच्या नोंदींच्या वाटेत. क्यूईएमयूमधलं भोक निदान एका प्रोसेसपुरतं असतं. हे थेट होस्टच्या कर्नलमध्ये. सगळ्यांनी एकच वाट धरली की एक भोक सगळ्यांच्या घरात.

एका बाबतीत मात्र एकच ड्रायव्हर मला हवासा वाटतो. कॉन्फिडेन्शियल मशीनमध्ये गेस्टने होस्टवर विश्वास ठेवायचाच नसतो. आजवर ड्रायव्हर कार्डाने सांगितलेली लांबी, क्रमांक मुकाट खरे मानत आले. आता प्रत्येक आकडा तपासून घ्यावा लागतो. ही तपासणी सात ड्रायव्हरांत सात वेळा करायला माणसं आहेत कुठे?

तांब्याची_तार

माणसं आहेत, कारण कंपनीचा धंदा त्यावर असतो. हायपर-व्हीचंच बघा. जुलै २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या ड्रायव्हरांच्या कोडच्या सुमारे २०,००० ओळी जीपीएल या मुक्त परवान्याखाली लिनक्सला दिल्या. त्याच वर्षी कर्नलमध्ये त्या ड्रायव्हरांची देखरेख करणाऱ्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांना जाहीर सांगावं लागलं की डेव्हलपर गायब आहेत, असंच चाललं तर ड्रायव्हर काढून टाकू. पुढे काय झालं? २०११ च्या ३.० कर्नलमध्ये बदलांच्या संख्येत मायक्रोसॉफ्टचे के. वाय. श्रीनिवासन सगळ्यांच्या वर होते, आणि ते बदल याच ड्रायव्हरांचे. मालक ठरलेला असला की उपेक्षित कोडही रांगेला लागतं.

सह्यवारा

ते ड्रायव्हर सुधारले याबद्दल आदरच आहे. पण ज्या मशीनचं कर्नल जुनं आहे त्याला त्या बदलांचा उपयोग नाही.

कुलूपकिल्ली, 'सगळ्यांच्या घरात एकच भोक' हे पटलं. पण तुम्ही सांगितलेलं भोक होस्टच्या बाजूचं होतं. नियम एक असला तरी पलीकडचं कोड वेगळं असू शकतं, आणि व्हीडीपीएत ते असतंच.

मागणी थोडी बदलतो. २०१८ मध्ये ४.१८ कर्नलात नेट-फेलओव्हर आलं, ते लाइव्ह मायग्रेशनसाठी. एसआर-आयओव्हीचा तुकडा, म्हणजे खऱ्या कार्डाचा वाटून दिलेला भाग, गेस्टला थेट दिला की मशीन हलवता येत नाही, म्हणून सोबत त्याच मॅक पत्त्याचं एक व्हर्टआयओ कार्ड ठेवायचं. हलवताना वेगवान कार्ड काढून घ्यायचं, वाहतूक व्हर्टआयओवरून चालू राहते. हायपर-व्हीवर नेटव्हीएससी हेच करतो. मग प्रत्येक क्लाउडने आपलं वेगवान कार्ड जरूर द्यावं, पण शेजारी एक हळू व्हर्टआयओ-नेटही ठेवावं.

तांब्याची_तार

कल्पना चांगली आहे, पण फुकट नाही. व्हर्टआयओच्या पलीकडे कुणीतरी सॉफ्टवेअर चालवायला हवं, त्याला होस्टचा सीपीयू हवा. नेटवर्क कार्डात ढकललं ते होस्टचे कोअर मोकळे करून गिऱ्हाईकाला विकायलाच. आणि एकाच मॅक पत्त्याची दोन कार्डं दिसली की जुने नेटवर्क स्क्रिप्ट गोंधळतात, दोन्हींवर डीएचसीपी लावून बसतात. जुन्या कर्नलला नेट-फेलओव्हर माहीतच नसणार, म्हणजे तुमच्या चौदाव्या मशीनला ते दोन परके इंटरफेस दिसले असते.

सह्यवारा

दोन नाही, एकच. वेगवान कार्डाचा ड्रायव्हर त्याच्याकडे नव्हता, मग ते दिसणार कसं? दिसलं असतं ते फक्त व्हर्टआयओ. त्याला १ मेगाबिटची मर्यादा घाला, होस्टच्या कोअरवर किती भार येणार? कर्नलचं पॅकेज ५०-६० एमबीचं. आठ-दहा मिनिटांत उतरलं असतं, आणि डिस्क काढावी लागली नसती.