सतरा वेळा १: फर्माची चाचणी ‘मूळ’ म्हणते, अवयव मात्र सापडतात. कुठे चुकतंय?

सतरा वेळा १ लिहून होणारी संख्या, १११११११११११११११११, मूळ आहे का हे दोन दिवस तपासतोय. उत्तरं दोन मिळताहेत.

आधी एक्सेलमध्ये टाकली. त्याने शेवटचे दोन १ परस्पर खाऊन तिथे शून्यं ठेवली. १५ अंकांपुढे त्याचं काही खरं नाही हे तेव्हा कळलं. मग पायथॉन. ३, ७, ११, १३ कशानेच भाग जाईना, म्हणून फर्माची चाचणी लावली. संख्येला स म्हणू. स मूळ असेल तर १०^(स−१) ला स ने भागून बाकी १ उरायला हवी. पाया १० घेतला, कारण नुसत्या १ च्या संख्येला तोच शोभेल असं वाटलं. बाकी आली १. खूश! मग सहज म्हणून अवयव शोधायला लूप लावला, तर

२०७१७२३ × ५३६३२२२३५७

हाताने गुणून पाहिलं, बरोबर आहे.

पाया २ ला ३४१ चकवते (मूळ नसूनही पास होते) हे माहीत आहे. पण इथे ५, ७, ११, १३ वेळा १ घेतले तरी दरवेळी बाकी १ च, आणि पाच एकांची १११११ तर सरळ ४१ × २७१ आहे. हा योगायोग वाटत नाही. शिवाय २०७१७२३ मधून १ वजा केला की ३४ ने भाग जातो, तो का?

प्रतिसाद: गोम पायातच आहे. स ला ९ ने गुणलं की १०^१७ − १ मिळतो. म्हणजे १०^१७ ला स ने भागून बाकी १ ठरलेलीच. आता १७ मूळ, त्यामुळे १०^१७ ला १७ ने भागून उरतात १०. म्हणून ९स आणि ९ यांची बाकी सारखी, म्हणून स ची बाकी १. याचाच अर्थ स − १ ला १७ ने भाग जातो, म्हणून १०^(स−१) ची बाकीही १ च, आणि तुमची चाचणी काही न तपासताच ‘पास’ होते. ३ पेक्षा मोठी कुठलीही मूळ संख्या १७ च्या जागी घ्या, हेच होणार.

अवयवांचं म्हणाल तर, प हा मूळ अवयव घ्या. प ने भागताना १० च्या घातांची बाकी १७ व्या पायरीलाच पहिल्यांदा १ होते (स च्या अंकांची बेरीज १७, म्हणून प हा ३ नाही). पण प − १ व्या घातालाही ती १ असते, म्हणून प − १ हा १७ च्या पटीत. प विषम, म्हणून ३४ च्या. असे उमेदवार चाळत गेलात तर २०७१७२३ हा ६०९३३ वा.

धागाकर्ता: आत्ता डोक्यात शिरलं! मग एकोणीस वेळा १ ची संख्या मूळ आहे म्हणतात, तिला कुठला पाया लावू?

प्रतिसाद: १० सोडून. मिलर-राबिन चाचणी (फर्माच्या चाचणीचंच कडक रूप) घ्या आणि २ ते २३ या नऊ मूळ संख्या पाया म्हणून वापरा. एवढ्या आकाराला तेवढ्याने पक्का निकाल लागतो, शंका उरत नाही.