लढाई जिंकली, पण मोहिमेला सैन्यच उरलं नाही. नुकसान कसं मोजता?

टिळकवाडीचा मार्शल
नमस्कार मंडळी. प्रश्न नेपोलियनच्या १८१५ च्या मोहिमेचा आहे, जी आम्ही टेबलावर खेळतो, आणि थोडा माझ्या अब्रूचाही.

आम्ही चौघं. दर रविवारी शहापुरात दोस्ताच्या घरी जमतो. त्याच्या आजोबांचे माग होते त्या खोलीत प्लायवूडची दोन फळकुटं जोडून टेबल मांडतो. सैनिक १/७२ मापाचे, प्लॅस्टिकचे, इंचभरसुद्धा नाहीत. दिवाळीला किल्ला करून मावळे मांडायची सवय मोठेपणी सुटली नाही, एवढंच समजा. मोहीम १५ जूनला सुरू, फ्रेंच बेल्जियममध्ये शार्लरवाला सांब्र नदी ओलांडतात तिथून. नकाशावरच्या चाली पंचांना व्हॉट्सॲपवर कळवायच्या. पंच म्हणजे इतिहासाचे निवृत्त सर. शत्रू कुठं आहे ते सर सांगतील तेवढंच कळणार. दोन सैन्यं नकाशाच्या एकाच घरात आली की लढाई टेबलावर.

खेळात मी नेपोलियनचा सेनापती, मार्शल ने. १६ तारखेला कात्र-ब्राच्या चौकात इंग्रजांच्या वेलिंग्टनशी गाठ पडली. तिथल्या शेतातलं राय नावाचं धान्य तेव्हा पुरुषभर उंच होतं, म्हणून मी काथ्याचं जुनं पायपुसणं कापून लावलेलं. (आई अजून शोधतेय.) त्या पायपुसण्यात एक इंग्रज पलटण रांगेतच सापडली. घोडदळ अडवायला पलटणीचा चौकोन करतात, त्यासाठी त्याला फाशावर पाच हवे होते, पडले दोन. माझे चिलखती घोडेस्वार थेट आत घुसले! तिथंच डोकं फिरलं माझं. पुढच्या चालीत पुन्हा हल्ला, मग पुन्हा. शेवटच्या दोन चाली उरल्या आणि लाईट गेली, पावसाळ्यात नेहमीचंच. मोबाईलच्या टॉर्चवर उरलेली पायदळं पुढं ढकलली आणि चौक घेतला. इतक्यांदा ओरडलो की शेजारच्या काकू बघायला आल्या.

पुढच्या रविवारी सरांनी हिशोब मांडला. माझ्या हाताखालच्या रेय या सेनापतीच्या कोअरचे (सैन्याच्या मोठ्या विभागाचे) २० स्टँड, म्हणजे एकेका पट्टीवर चिकटवलेले सैनिक, होते, उरले ९. चिलखती घोडदळ शून्य. वेलिंग्टन रात्रीत निघून माँ-सें-जाँच्या टेकडीवर, जवळपास शाबूत. आमचा नेपोलियन लिन्यीला प्रशियाच्या (जर्मन) ब्लूशरला हरवून आलाय आणि माझ्याशी बोलत नाही. खायला कुंदा आणायची पाळी पण माझ्यावरच टाकली.

प्रश्न एक: पडलेला प्रत्येक स्टँड मेलाच असं मोहिमेत धरायचं का?
प्रश्न दोन: देर्लों या दुसऱ्या फ्रेंच सेनापतीच्या कोअरला मी बोलावलं, नेपोलियननंही बोलावलं. सरांनी फासा टाकून तिला अर्ध्या वाटेवरून परत फिरवली. दिवसभर नुसती रस्त्यावर. हा अन्याय नाही का?

खानापूर तोफखाना
दुसऱ्याचं आधी. मर्दा, सरांना हात जोड. खरोखर तसंच झालेलं! देर्लोंचे साधारण २०,००० लोक १६ जूनला लिन्यी आणि कात्र-ब्राच्या मध्ये हेलपाटे घालत राहिले, एकाही लढाईत उपयोगी पडले नाहीत. त्यांना माघारी बोलावणारा होता मार्शल ने. म्हणजे तूच.

निपाणीकर
आम्ही असं करतो. लढाई संपली की टेबलावरून उचललेले स्टँड मोजायचे. मैदान ज्याच्या ताब्यात त्याचे निम्मे दुसऱ्या सकाळी परत, हरलेल्याचे तिसरा हिस्सा. बाकीचे गेले. ही आमच्या घरची वाटणी आहे, पण तिच्यामागं कारण आहे. पडलेल्यांत मेलेले थोडे, जखमी जास्त, आणि पांगलेले तर विचारूच नका. लिन्यीनंतर प्रशियाचे आठेक हजार लोक नुसते पळून गेले. तरी बाकीचं सैन्य वाव्रकडं सरकलं आणि १८ तारखेला वॉटर्लूला हजर! त्यांच्या मागावर फ्रेंच मार्शल ग्रूशी ३३,००० लोक घेऊन होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. तेव्हा परत आलेले स्टँड एक दिवस निम्म्या वेगानं चालव, नाहीतर सगळं फुकट मिळाल्यासारखं होतं.

अजून एक. लढाईआधी प्रत्येकानं आपलं काम चिठ्ठीवर लिहून पंचाकडं द्यायचं. तुझ्या चिठ्ठीत काय होतं?

सौंदत्ती रोड
बेल्जियमला कशाला जाता, आपल्याच मलप्रभेवर बघा की. १८०० साली हाच वेलिंग्टन, तेव्हा नुसता कर्नल वेलस्ली, बंडखोर धोंडिया वाघाच्या मागं आपल्या भागात फिरत होता. ३० जुलैला मुनवळ्ळीपाशी, जुन्या कागदांत मनोळी, त्यानं नदीकाठच्या तळावर छापा घातला. कितीतरी लोक पुरात बुडाले. पण धोंडिया त्या तळावर नव्हताच. टेबलावर ही लढाई जिंकलीच म्हणायची, मोहीम मात्र चालूच राहिली. धोंडिया मारला गेला १० सप्टेंबरला, कोनगलला. मधले सहा आठवडे काय, तर मजल दरमजल चालणं, बैल, धान्य आणि नद्या. मी ही मोहीम मांडायला घेतलीय, गडी कमी पडतायत.

टिळकवाडीचा मार्शल
निपाणीकर, तुमचा हिशोब लावून बघितला. ११ स्टँड पडलेले, मैदान माझं, म्हणजे ५ परत. ९ चे १४ झाले. नेपोलियनला फोटो पाठवला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

चिठ्ठीचं खरं सांगू का, "वेलिंग्टनला ब्लूशरच्या मदतीला जाऊ देऊ नये" असं लिहिलं होतं. ते काम चौथ्या चालीलाच झालेलं. त्यानंतर रायच्या कडेला तोफा लावून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण समोर पलटण रांगेत उभी आहे, आणि हातात घोडेस्वार आहेत, तिथं कोण गप्प बसतो? एकट्या त्या घोडेस्वारांना रंगवायला मला श्रावण गेला होता.

सौंदत्ती रोड, मी येतो. बाजू धोंडियाची द्या.

देर्लोंचं मात्र अजून पटत नाही. मी त्याला माघारी बोलावलं ते साडेचारच्या चालीत. सरांनी निरोप पोचवायला दोन चाली लावल्या.

पंच
दोन चाली लावल्या कारण तुझा मेसेज मला नाही, बायकोच्या नंबरवर गेला होता. तिनं "कोण देर्लों?" असं विचारलेलंही आहे, बघ. रविवारी कुंदा अर्धा किलो आण, पावशेर पुरत नाही.