संस्थेच्या दुसऱ्या फळीला प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रशिक्षण द्यावे का?

प्रश्न
आमची संस्था मराठवाड्यातील तीन तालुक्यांत पाणलोट आणि बचत गटांचे काम करते. नऊ पूर्णवेळ कार्यकर्त्यांपैकी दोघींना गेल्या वर्षी पाच दिवसांच्या व्यवस्थापन शिबिराला पाठवले. परतल्यावर त्यांनी कामाचे सुरेख तक्ते केले, पण चौथ्या महिन्यानंतर ते कोणी उघडलेसुद्धा नाहीत आणि एकीने नोकरी सोडली. निर्णय अजूनही संस्थापकांच्या फोनपाशीच अडतात. यंदा पुन्हा खर्च करावा का?

प्रतिसाद 1
खर्च जरूर करावा, पण हातात काम नसताना कोणालाही पाठवू नये. पानी फाउंडेशनने 2016 मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या 3 तालुक्यांत वॉटर कप ही गावांची जलसंधारण स्पर्धा सुरू केली, तेव्हा गावाने प्रशिक्षणाला एकट्यादुकट्याला न पाठवता गट पाठवायचा आणि परतल्यावर साधारण दीड महिन्याच्या मुदतीत काम उभे करायचे, अशी रचना होती. श्रमदानाला किती माणसे येतील, यंत्र कधी लागेल, मोजमाप कोण ठेवील, हे प्रश्न दुसऱ्याच दिवशी समोर येत असल्यामुळे शिकलेले वहीत पडून राहत नसे. आपल्याकडेही येत्या हंगामातील एखादा बंधारा निवडून त्याचेच अंदाजपत्रक आणि वेळापत्रक शिबिरात तयार करून घ्यावे.

प्रतिसाद 2
पैशांबाबत एक खुलासा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, त्यामुळे अनेक संस्थांनी सर्वात आधी प्रशिक्षणालाच कात्री लावली. सीएसआरमधील (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीतील) 5 टक्क्यांची मर्यादा मात्र कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला लागू आहे. ती संस्थेवर आहे असे समजून आपण उगाच प्रस्तावातून प्रशिक्षण वगळतो. प्रकल्पाच्या अंमलबजावणीसाठी लागणारे प्रशिक्षण प्रस्तावातच स्वतंत्र बाब म्हणून दाखवावे; लेखापरीक्षकांना मात्र आधी विचारावे.

प्रतिसाद 3
मूळ दुखणे संस्थापकांच्या फोनमध्ये आहे, आणि त्यावर कार्यकर्त्यांचे शिबिर हा उपाय नव्हे. किती रुपयांपर्यंतची खरेदी तालुका समन्वयकाने कोणालाही न विचारता करावी, याचा ठराव विश्वस्त मंडळाने आधी करावा. शिकून आलेल्या माणसाला साधी पाइप खरेदीही करता येत नसेल, तर तो का थांबेल?

प्रश्नकर्ती
आभार. ठरावाचा मसुदा पुढील बैठकीत ठेवते. मर्यादा 10,000 रुपये ठेवली तर फार होईल का?