मुलाला रग्बीत जायचंय, किती वर्षं खेळता येतं?

हर्णैची_आई

माझा मुलगा अकरावीला आहे. शाळेपासून कबड्डी खेळतो, डावा कोपरा. २०२५ च्या जूनमध्ये होड्या वर ओढलेल्या होत्या, तेव्हा त्याने मोबाईलवर अंधेरीची रग्बी प्रीमियर लीग बघितली. तेव्हापासून दुसरा विषय नाही. मुंबईला मामाकडे राहतो, क्लबात खेळतो, बारावी बाहेरून देतो म्हणतोय. ह्यांचं म्हणणं, अंगात एवढा जोर आहे तर होडीवर ये. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. या खेळात कमाई किती वर्षं असते, मार किती लागतो, हे खेळलेल्या कुणीतरी सांगा.

पुळणीवरचा

ताई, मी गुहागरचा. कबड्डीतूनच रग्बीत गेलो, सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, राज्याकडून खेळलो. सव्विसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि थांबलो. आता शाळेत खेळाचा शिक्षक आहे.

आधी पैशाचं. फक्त रग्बीवर वर्षभर घर चालेल, अशी स्थिती आपल्याकडे अजून नाही. ती लीग सहा संघांची, पंधरवड्यात संपली, आणि त्यातही बाहेरदेशचे खेळाडू बरेच. माझ्याबरोबरचे जे टिकले ते नोकरीच्या आधारावर टिकले. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पदाची शिक्षणाची अट त्यालाही पूर्ण करावी लागते. कोणत्या स्पर्धेतलं यश धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे बसून शासन निर्णयातून वाचून घ्या. सेव्हन्स १९९८ पासून आशियाई खेळांत आहे, २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये, म्हणजे दार बंद नाही. पण बारावी कॉलेजात बसूनच होऊ द्या.

आता माराचं. कोपऱ्यातल्या मुलाच्या दोन सवयी मोडाव्या लागतात. कबड्डीत आपण घोट्यावर झेप घेतो तेव्हा डोकं कुठे आहे याचा विचार करत नाही. इथे समोरचा तीस पावलांवरून धावत येतो. डोकं त्याच्या पुढे राहिलं तर त्याचा गुडघा किंवा खुबा थेट कानशिलावर बसतो. खांदा लावायचा, हातांनी आवळायचं आणि डोकं त्याच्या पाठच्या बाजूला. दुसरी सवय पकड न सोडण्याची. कबड्डीत सोडलं की गुण गेला; रग्बीत पाडल्यावर लगेच सोडलं नाही तर पेनल्टी. पहिलं वर्षभर मी संघाला याच पेनल्ट्या भरायला लावल्या.

आणि ही डोक्याची गोष्ट मी पुस्तकातून सांगत नाही. एका स्पर्धेत पहिल्या हाफलाच कानावर गुडघा बसला. मला कुणी बाहेर काढलं नाही, मीही निघालो नाही. दुसरा हाफ मला आठवतच नाही. आम्ही जिंकलो हे परतीच्या एसटीत मित्राने सांगितलं. इंग्लंडने २००३ चा विश्वचषक जिंकला त्या संघाचा हूकर, म्हणजे पुढच्या फळीतला मधला खेळाडू, स्टीव्ह थॉम्पसन. वयाच्या ४२ व्या वर्षी त्याने आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं. तो अंतिम सामना जिंकल्याचं त्याला आठवत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात नीट शिकवू शकलो नाही.

म्हणून क्लबात गेलात की फीच्या आधी हे विचारा: डोक्याला लागल्याचा संशय आला तर मुलाला बाहेर कोण काढतं, आणि त्याच दिवशी परत खेळवतात का? खेळवतात म्हणाले तर मुलाला घेऊन घरी या.

दर्यावर्दी_देवगड

बोटीवर असतो, परदेशी बंदरांत सामने बघत आलोय. तिकडे पगार आहेत, पण भरवसा तिथेही नाही. हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला तो १९९५ ला. २०२२ मध्ये इंग्लंडचे वूस्टर आणि वॉस्प्स हे दोन मोठे क्लब हंगाम चालू असताना कोसळले, २०२३ मध्ये लंडन आयरिश गेला. भरात असलेली पोरं एका आठवड्यात बेकार. वहिनी, शिक्षण सोडू देऊ नका.

हर्णैची_आई

दोघांचे आभार. जेवताना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. हे काही बोलले नाहीत, पण एसटीचा भाग आला तेव्हा ताटावरचा हात थांबला. मुलगा कॉलेज सोडणार नाही म्हणालाय, निदान बारावीपर्यंत. त्याने एकच विचारलंय: पाडल्यावर सोडून द्यायचं, तर मग चेंडू मिळवायचा कसा?

पुळणीवरचा

नेमकं विचारलंन. सोडायचं, उठून दोन्ही पायांवर उभं राहायचं आणि समोरच्याचे साथीदार पोचायच्या आत वाकून चेंडूला हात घालायचा. त्याने पडल्यावर चेंडू धरून ठेवला तर पेनल्टी आपल्याला. कोपऱ्यातली पोरं यात तरबेज होतात, कारण खाली वाकून ताकद लावायची त्यांना सवय असते.

हे जांभ्याच्या मैदानावर शिकवू नका, गुडघे सोलून निघतात. ओहोटीला ओली पुळण बरी. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलात की गुहागर लांब नाही. रविवारी ओहोटी कधी ते बघून वेळ कळवतो. ह्यांनाही घेऊन या. चेंडू माझ्याकडे आहे.