‘सौभद्रा’तला कृष्ण मुलीने, तेही गुजराती मुलीने केला तर?

दांडियाबाजारकर
यंदा गणपतीत आमची बडोद्यातली हौशी मंडळी ‘संगीत सौभद्र’ या जुन्या संगीत नाटकाचे निवडक प्रवेश करतेय. कृष्णासाठी बऱ्याच जणांचं गाणं ऐकलं. सगळ्यांत उजवी निघाली ती विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्समध्ये गाणं शिकणारी एक मुलगी. घरची गुजराती. कृष्णाचं ‘प्रिये पहा’ हे पद तिने असं म्हटलं की पुढच्या उमेदवारांची नावं पुकारायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. तरी समितीत कुरकुर सुरू आहेच: कृष्ण बाई कशी करणार, आणि त्यातून मराठी नव्हे.

माझं मत सरळ आहे. संगीत नाटकात भूमिका गळ्याला मिळते. किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्र’ आणलं, त्यातली सुभद्रा गाजवली भाऊराव कोल्हटकरांनी, आणि ते आपल्या बडोद्याचेच. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग १९१९ साली इथेच झाला, त्यातली नायिका सिंधू झाले होते बालगंधर्व. तेव्हा बडोदेकरांनी मिशा शोधल्या नाहीत, आता बांगड्या कशाला शोधायच्या? तिकडे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०१५ पासून ‘हॅमिल्टन’ हे संगीत नाटक चालू आहे. अमेरिकेचे गोरे संस्थापक त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नट करतात. मी त्याची गाणी गाडीत इतकी लावतो की घरचे आता रिक्षा करतात.

रावपुऱ्याचा जुना प्रेक्षक
‘हॅमिल्टन’ इथे लागू नाही. त्यातल्या नटांचा रंग वेगळा असेल, भाषा त्यांची स्वतःचीच आहे. आमचा आक्षेप मुलगी असण्याला नाही, निदान माझा तरी नाही. आक्षेप उच्चाराला आहे. ‘प्रिये पहा’ची ओळच पुढे ‘रात्रीचा समय’ अशी जाते. त्या ‘रात्रीचा’मधला च दंतमूलीय, म्हणजे जीभ दातांच्या मुळाशी लावून म्हणायचा. गुजराती माणूस तो ‘चहा’तल्या चसारखा म्हणतो. पुढे ‘नच सुंदरी’ आहे, तिथेही तोच च. पहिल्याच शब्दाला कान टोचला की सगळा शृंगार गेला. नाट्यपद म्हणजे शास्त्रीय गाण्यातला ख्याल नव्हे, तिथे शब्द आधी पोचावा लागतो.

मांडवीतली माई
दांडियाबाजारकर, बालगंधर्वांचा दाखला मागे घ्या बघू. पुरुषांनी बायकांच्या भूमिका केल्या त्या मनाच्या मोठेपणाने नव्हे. घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल ठेवणं म्हणजे बदनामी होती. बायकांना दार बंद होतं म्हणून ती जागा पुरुषांकडे गेली. त्याला सर्वसमावेशक म्हणणं म्हणजे कुलूप लावून वर पाहुणचाराची पाटी लावणं. दाखला द्यायचाच तर हिराबाई बडोदेकरांचा द्या. नावातच आपलं गाव आहे. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी भावाबहिणींसह नाटकात उतरली, ‘सौभद्रा’त काम केलं आणि वर नावं ठेवून घेतली.

बाकी मुलीला कृष्ण द्यायला माझी काही हरकत नाही. पण ‘परंपराच तशी होती’ हे कारण सांगू नका. ‘तिचं गाणं सगळ्यांत चांगलं झालं’ एवढं पुरे आहे.

दांडियाबाजारकर
माई, दार बंद होतं हे मान्य. पण प्रेक्षकाची नजर त्यातूनच तयार झाली ना? पुरुषाला सिंधू म्हणून पाहून लोक रडले. म्हणजे सोंग कुणाचं, हे गाणं सुरू झाल्यावर प्रेक्षक विसरतो, एवढंच माझं म्हणणं. रावपुरेकर, च घोटून घेता येतो. आपल्यातली किती मुलं इंग्रजी शाळेत जाऊन आज मराठी च नीट म्हणतात? त्यांची परीक्षा कुणी घेत नाही.

रावपुऱ्याचा जुना प्रेक्षक
घ्या परीक्षा! मी तर म्हणतो त्यांचीच आधी घ्या. आडनाव मराठी म्हणून सूट द्यावी, असं मी कुठे म्हटलं?

पेटीवाला
तात्त्विक चर्चा चालू द्या. माझी अडचण पट्टीची, म्हणजे कोण कुठल्या सुरात गातो याची आहे. मुलगी पेटीच्या काळी चारला गाते, अर्जुन बराच खाली, काळी एकला. तबला एकाच सुरात लावलेला असतो, त्यामुळे दोघांची पदं एका अंकात आली की तो बदलावा लागतो. दोन तबले आधीच लावून ठेवले आणि मध्ये गद्य नीट बसवलं तर प्रेक्षकाला कळत नाही. कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश उलट सोपा होईल, दोघी एकाच पट्टीत. त्यामुळे माझं मत तिला. पण मुकुट हलका करा. मागच्या वेळचा पुठ्ठ्याचा किरीट कानावर बसायचा. कृष्णाला स्वतःचा सूर ऐकू येत नव्हता आणि शिव्या मला बसल्या.

विंगेतला आवाज
आज लिहितोच. मला लहानपणी पोलिओ झाला, पायाला आधाराचा कॅलिपर आहे. नांदी मी म्हणतो, कोरसात मी असतो, पण कायम विंगेतून. एका मंडळात नारदासाठी विचारलं तर ‘नारद त्रैलोक्यात हिंडतो हो’ असं हसत उत्तर मिळालं. ‘राधाधर मधुमिलिंद’ हे नारदाचं पद मात्र त्यांच्या नारदाला मीच शिकवलं. २०१९ मध्ये अ‍ॅली स्ट्रोकर या व्हीलचेअर वापरणाऱ्या नटीला ‘ओक्लाहोमा!’ या संगीत नाटकासाठी ब्रॉडवेचं टोनी पारितोषिक मिळालं. त्या पारितोषिक सोहळ्यात प्रेक्षागृहातून रंगमंचावर जायला रॅम्पसुद्धा नव्हता, हे तिने नंतर बोलूनही दाखवलं. इथे मुलगी की मुलगा, मराठी की गुजराती यावर एवढी चर्चा होते. आमचा प्रश्न चर्चेला येतच नाही.

रावपुऱ्याचा जुना प्रेक्षक
नारद चालतो कुठे, गातो. त्या उत्तराची मला लाज वाटते. मात्र सहानुभूती म्हणून भूमिका देऊ नका, गाणं ऐकूनच द्या.

विंगेतला आवाज
सहानुभूती मागितली कुणी? ऐका, एवढंच म्हणतोय.

मांडवीतली माई
दांडियाबाजारकर, निवडक प्रवेशांत नारद आहे का? असला तर रविवारच्या तालमीला यांना बोलवा. आणि रंगमंचाला मागून पायऱ्या किती, कठडा आहे का, हे आजच जाऊन बघा. त्या मुलीला ‘रात्रीचा’ मी शिकवीन. माझ्या सुनेला शिकवला, तीही गुजराती, नडियादची.