ख्रिस्ती स्त्रियांची देवकल्पना त्यांच्या आयुष्यातून घडते का?

अनघा: पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक, दोघीही ब्राह्मण घरातून ख्रिस्ताकडे आलेल्या. तरीही त्यांच्या लेखनातला देव मला एकच वाटत नाही. हा फरक त्यांच्या आयुष्यातून आला असेल का?

वसुधा: रमाबाईंपुरते तरी निश्चित आला आहे. दुष्काळात तीर्थयात्रा, दानधर्म आणि अनुष्ठाने करूनही आईवडील व थोरली बहीण डोळ्यांदेखत गेली. पुढे भाऊ गेला आणि 1882 मध्ये पतीही. पदरी लहानगी मनोरमा होती. इंग्लंडमधील फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना जोगिणी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, मायेने सांभाळत असल्याचे त्यांनी पाहिले, तेव्हा त्यांना बायबलमधली विहिरीवरच्या शोमरोनी (ज्यूंनी तुच्छ मानलेल्या जमातीतल्या) स्त्रीची कथा ऐकायला मिळाली, आणि पतित ठरवलेल्या बाईशी आपणहून बोलणारा ख्रिस्त त्यांच्या मनात ठसला. विधवांची परवड जिने स्वतः पाहिली होती, तिला याच प्रसंगात तारणारा दिसावा, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

सुनीता: लक्ष्मीबाईंची वाट घरातून जाते. वडिलांच्या कडक सोवळ्याने जाचलेल्या घरात त्या वाढल्या. 1895 मध्ये पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षे ताटातुटीत गेली, आणि नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी लगेच बदलला नाही. जाती देवाने केल्या की माणसांनी, या प्रश्नाचा मनाशी निकाल लागल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या, बाप्तिस्मा त्यानंतरचा. सोवळ्याचा काच सोसलेल्या बाईला शिवाशीव न मानणारा देव आधी पटला.

मार्था: दोघींचेही म्हणणे मान्य आहे, पण एक आग्रह धरते. श्रद्धा म्हणजे केवळ दुःखाचा परिणाम, असे म्हटले तर या बायकांच्या बुद्धीवर अन्याय होतो. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतरही रमाबाईंनी त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर जोगिणींशी पत्रांतून कडाडून वाद घातला, कारण विवेकबुद्धी कोणाच्या हाती सोपवायला त्या तयार नव्हत्या. पुढे केडगावला हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत बायबल उतरवले आणि ते तिथल्याच छापखान्यात मुक्तिसदन या त्यांच्या निराधार स्त्रियांसाठीच्या आश्रमातल्या स्त्रियांच्या हातून छापले गेले. अनुभवाने त्यांना प्रश्न दिले. उत्तरे मात्र त्यांनी स्वतः अभ्यास करून शोधली.