कोलोरॅडोच्या कॉस्टिया काउंटीत पाच एकर घ्यावेत का?

प्रश्न – डेन्व्हरकर

आम्ही दोघे बारा वर्षे डेन्व्हरमध्ये राहत आहोत. येत्या काही वर्षांत शहर सोडून स्वतःची भाजी, कोंबड्या, चार-सहा शेळ्या आणि सौरऊर्जेवर चालणारे घर, असे आयुष्य सुरू करण्याचा विचार पक्का होत आला आहे. वीज किंवा दुकाने महिनाभर बंद पडली तरी घर चालले पाहिजे, ही त्यामागची मुख्य इच्छा. राज्याच्या दक्षिण टोकाला सॅन लुईस खोऱ्यात कॉस्टिया काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे. तेथे पाच-पाच एकरांचे तुकडे आमच्या आवाक्यात आहेत, ऊन भरपूर आहे आणि २०२०च्या जनगणनेनुसार संपूर्ण काउंटीत केवळ ३,४९९ माणसे राहतात. फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या राष्ट्रीय जोखीम निर्देशांकातही काउंटीची जोखीम कमी दिसली. एखादी काउंटी अशा राहणीला योग्य आहे की नाही, हे आणखी कशाकशावरून पाहावे?

उत्तर १ – खोऱ्यातला शेजारी

आपण जमीन पाहिलीत, ऊन पाहिलेत, पण पाण्याचा उल्लेख केला नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. कोलोरॅडोत जमीन विकत घेतली म्हणजे तिच्याखालचे पाणी आपले झाले, असे होत नाही. पस्तीस एकरांहून लहान तुकड्यावर बोअरचा परवाना मिळाला तरी तो बहुधा केवळ घरातील वापरापुरता असतो. म्हणजे स्वयंपाक, आंघोळ, धुणे एवढेच. त्या पाण्याने वांग्याचा एक वाफा भिजवणे किंवा शेळीला बादलीभर पाणी पाजणे हेही परवान्याबाहेरचे ठरते. पस्तीस एकर किंवा त्याहून अधिक जमिनीवर मिळणाऱ्या परवान्यात मात्र सर्वसाधारणपणे एक एकर बाग आणि घरची जनावरे बसू शकतात. छतावरचे पाणी साठवू म्हणाल, तर २०१६च्या कायद्याने सामान्य घराला दोन पिंपे, मिळून ११० गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरांच्या आतबाहेर, एवढीच मुभा दिली आहे. त्यातून खोऱ्याच्या तळाशी वर्षाकाठी पाऊस पडतो १८०-२०० मिलिमीटर. आपल्या माण-आटपाडीकडेही याहून कितीतरी अधिक पडतो.

सहा वर्षांपूर्वी मी असाच एक पाच एकरांचा तुकडा पाहायला गेलो होतो. शेजारच्या घरातील गृहस्थ ट्रेलरवर २७५ गॅलनची प्लास्टिकची चौकोनी टाकी लादून नुकतेच गावातून परतले होते. आठवड्यातून एकदा, हिवाळ्यात रस्ता उघडा असेल तेव्हा, ते एवढेच पाणी आणत आणि त्यातच कुटुंब व दोन कुत्रे भागवत. टाकीच्या तोटीला त्यांनी जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला होता, कारण ऑक्टोबरातच ती रात्री गोठत असे. ज्याचे पाणी दर आठवड्याला पेट्रोलवर अवलंबून आहे, त्याच्या तयारीला तयारी म्हणता येईल का, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. मी तो तुकडा घेतला नाही.

उंचीही लक्षात घ्या. हे खोरे सात-आठ हजार फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. पीक गोठवणाऱ्या दहिवराविना मिळणारे दिवस साधारण नव्वद ते शंभर असतात. बटाटा आणि बार्ली येथे उत्तम येतात आणि बटाट्यासाठी तर खोरे देशभर ओळखले जाते, पण उघड्यावरच्या टोमॅटोचा भरवसा धरू नका.

निर्देशांकाबाबत एक सांगतो. त्यात अठरा प्रकारच्या नैसर्गिक आपत्तींमुळे दरवर्षी अपेक्षित असलेले नुकसान बहुतांशी डॉलरांत मोजले जाते. जेथे माणसे आणि घरे कमी, तेथे हा आकडा आपोआपच लहान दिसतो. २७ जून २०१८ रोजी याच काउंटीत लागलेल्या स्प्रिंग वणव्यात शेजारच्या काउंटीसह सुमारे १,०८,००० एकर क्षेत्र जळाले आणि शंभराहून अधिक घरे गेली. ज्याचे घर गेले, त्याच्या दृष्टीने जोखीम कमी नव्हती.

उत्तर २ – ब्लू रिज

मी नॉर्थ कॅरोलायनातील बनकम काउंटीत राहतो. आमचे ॲशव्हिल शहर समुद्रापासून दूर, डोंगरात, पाण्याने समृद्ध. त्यामुळे हवामानबदलात सुरक्षित राहणारे ठिकाण म्हणून त्याचे नाव घेतले जात असे. २७ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन वादळ आले आणि शहराच्या मुख्य जलवाहिन्या वाहून गेल्या. नळाला पुन्हा पिण्याजोगे पाणी आले ते १८ नोव्हेंबरला, ५३ दिवसांनी. माझ्या घरी बोअर आहे, परंतु वीज नसल्याने दोनशे फुटांखालचे पाणी काही उपयोगाचे नव्हते. आता मी हातपंप बसवला आहे.

आमच्या रस्त्यावर त्या काळात ज्यांचे बरे चालले, त्यांच्याकडे सर्वाधिक सामान होते असे नाही. एका शेजाऱ्याकडे साखळी-करवत होती, दुसऱ्याकडे ट्रॅक्टर, आणि कोणाच्या घरी म्हातारी माणसे आहेत, हे दोघांनाही ठाऊक होते. कमी वस्ती हा आपण गुण मानला आहे. मदतीला येणारी माणसेही तितकीच कमी असणार, हेही त्याच हिशेबात धरावे.

उत्तर ३ – पांझराकाठ

मी मूळचा धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातला, सध्या कोलोरॅडोतच पुएब्लो शहरात असतो. कॉस्टिया काउंटी सरसकट वाईट ठरवू नये असे मला वाटते, कारण तिच्यात दोन वेगळ्या काउंट्या नांदतात. एक माळावरच्या तुकड्यांची, जिच्याविषयी वर लिहिले आहे. दुसरी सॅन लुईस गावाभोवतीची, जेथे १८५२चा पीपल्स डिच हा पाट आजही वाहतो आणि राज्यातील सर्वांत जुना, अखंड चालू असलेला पाणीहक्क त्याच्याकडे आहे. या पाटांना तेथे असेकिया म्हणतात आणि पाणी वाटणाऱ्याला मायोरदोमो. प्रथमच हे पाहिले तेव्हा मला आमच्याकडची फड पद्धत आठवली: नदीवर बंधारा, त्यातून पाट, पंचांनी ठरवलेल्या पाळ्या आणि त्या सांभाळणारा पाटकरी. पाणी कमी असेल त्या वर्षी सर्वांनीच क्षेत्र कमी करायचे, ही आमच्या फडातली शिस्त होती. तेथेही टंचाई वाटून घेण्याची रीत आहे. डोंगरापासून नदीकडे जाणाऱ्या लांब, अरुंद पट्ट्यांत तेथील जमीन वाटलेली आहे, ती प्रत्येक घराला पाटाचे पाणी मिळावे म्हणूनच.

अशी जमीन क्वचितच विक्रीला येते आणि स्वस्तही नसते. पण काउंटी पारखायची असेल, तर व्यवहाराआधी त्या तुकड्याला कोणत्या पाटाचा किंवा बोअरचा, कोणत्या वापराचा हक्क जोडलेला आहे, हे राज्याच्या जलसंपदा विभागाच्या नोंदींतून पाहा. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. तसेच मैलापाणी आणि बांधकामाचे नियम काउंटीच्या कार्यालयातून लेखी मागवा.

डेन्व्हरकर

तिघांचेही मनापासून आभार. पाच एकरांचा विचार आम्ही सोडला आहे. आता फेब्रुवारीत, जूनमध्ये नव्हे, आठवडाभर सॅन लुईसला राहून पाहणार आहोत. पांझराकाठ, वसंतात पाटाची साफसफाई होते असे वाचले. त्या दिवशी बाहेरच्या माणसाने फावडे घेऊन गेल्यास चालते का?

पांझराकाठ

आधी त्या पाटाच्या मायोरदोमोशी बोलून घ्या आणि बूट गुडघ्यापर्यंतचे न्या. मी गेलो होतो तेव्हा दिवसभर गाळ उपसला, आणि कोणत्या पट्ट्याचा मालक म्हातारा झाला आहे व मुले परत येणार नाहीत, हे जेवणाच्या सुट्टीत कळले.